स्वमत पाठवा, अर्जंट

‘बाई उपास पाठातील विनोद स्पष्ट करा अर्जंट उद्या वही दाखवायची आहे आणि बाई आमच्या घरी रोज भांडणं होतात काय करू’

हा एकच मेसेज आहे. त्यात स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही, दम घ्यायलाही जागा नाही. पु. ल. देशपांडे आणि घरातलं भांडण यांच्यामध्ये उभा आहे तो फक्त एक ‘आणि’. समुच्चयबोधक उभयान्वयी अव्यय समान दर्जाची दोन वाक्यं जोडतं, एवढं तरी मुलाच्या डोक्यात राहिलं म्हणून मला आधी बरं वाटलं. मग लक्षात आलं, की त्याच्या हिशेबानं अर्जंट होता तो विनोद. भांडणाला घाई नव्हती. ते रोजचंच होतं.

मी सोलापुरात जन्मभर मराठी शिकवलं. निवृत्त झाल्यावर इतरांना पेन्शन मिळते. मराठीच्या बाईंना पेन्शन आणि चौकशा मिळतात. माझा नंबर कुणीतरी दहावीच्या कुठल्याशा ग्रुपवर टाकला. तिथून तो नवी पेठेतून विजापूर वेशीत गेला, जुळे सोलापुरात फिरला, आणि आता बार्शी, अक्कलकोट, मोहोळपर्यंत पोचलाय. ज्यांना मी शिकवलं ती मुलं मला विसरली. ज्यांना शिकवलं नाही ती रोज रात्री साडेदहाला आठवण काढतात.

या कामाला हंगाम असतो. जून ते दिवाळी कुणी फिरकत नाही. पुस्तकाला कव्हर घालण्यापलीकडं तेव्हा अभ्यास गेलेला नसतो. जानेवारीत सिद्धेश्वरांची यात्रा आणि शाळेची पूर्वपरीक्षा एकाच सुमाराला येतात. सात नंदीध्वज रस्त्यानं निघालेले, होम मैदानावरच्या गड्ड्यात पाळणे फिरतायत, आणि घरी आई म्हणतेय धडा वाच. त्या आठवड्यात रसग्रहणाची मागणी थेट पाळण्याच्या रांगेतून येते. ‘बाई, गड्ड्यात हाय, आवाज येईना. तुम्ही टाइप करून टाका की.’ फेब्रुवारीत ऊन आणि मेसेज दोन्ही चढतात, कारण मंडळाच्या परीक्षेत पहिला मान मराठीच्या पेपरला. तो एकदा झाला की दुसऱ्या दिवसापासून मला कुणी ओळखत नाही. त्यानंतरचा छळ गणिताच्या सरांचा.

मुलं ‘समजावून सांगा’ कधी म्हणत नाहीत. ‘पाठवा’ म्हणतात. सारांश पाठवा, आशय पाठवा, कवीला काय म्हणायचंय ते पाठवा. जणू कवीला जे म्हणायचं होतं ते माझ्या कपाटात चार डब्यांत भरून ठेवलंय आणि मी कंजूषपणानं देत नाहीये.

यात नवीन काही नाही, हे मी मुलांच्या बाजूनं आधीच सांगून टाकते. पाठ्यपुस्तकं काढणारी बालभारती स्थापन झाली १९६७ साली. गाइडं काढणारं नवनीत १९५९ पासूनचं. म्हणजे आपल्याकडं उत्तरवाले प्रश्नवाल्यांच्या आठ वर्षं आधी दुकान उघडून बसलेले. आमच्या पिढीनं गाइड वापरलं नाही असं सांगणारा माणूस एक तर खोटं बोलतोय, नाहीतर त्याच्या मोठ्या भावाकडं वही होती. नवी पेठेतून अर्ध्या किमतीत जुनं गाइड आणायचं. त्यात आधीच्या मालकानं महत्त्वाच्या उत्तरांपुढं चांदण्या काढलेल्या असायच्या. आपण आपल्या चार वाढवायच्या आणि पुढच्या वर्षी विकायचं. तिसऱ्या हातापर्यंत पुस्तकातलं एकही उत्तर बिनमहत्त्वाचं उरत नसे. शेवटच्या गिऱ्हाइकाच्या हाती गाइड नव्हे, तारांगण पडायचं. तरी त्या गाइडाला एक मर्यादा होती. त्याला ‘आमच्या घरी रोज भांडणं होतात’ असं सांगता यायचं नाही. सांगितलं तरी ते पान क्रमांक दाखवायचं.

आता वळूया त्या विनोदाकडं. विनोद स्पष्ट करणं हे जगातलं सगळ्यात दुःखी काम आहे आणि मंडळ त्याला गुण देतं. ‘उपास’ हा ‘बटाट्याची चाळ’मधला लेख. पंत वजन उतरवायचं ठरवतात आणि चाळीतला जो तो येऊन काय खावं, काय सोडावं, कसं जगावं ते फुकटात सांगतो. सल्ले देणाऱ्यांची यात्रा भरते. त्यावर मुलं वहीत लिहितात: ‘या प्रसंगातून लेखकाने उत्कृष्ट विनोदनिर्मिती साधली आहे. त्यामुळे वाचकाला हसू येते.’ लिहिताना एकाही चेहऱ्यावर सुरकुती हलत नाही. मी एकीला विचारलं, ‘तुला कुठं हसू आलं गं?’ ती घाबरली. म्हणाली, ‘बाई, तसं विचारणार आहेत का?’

मी त्या पहिल्या मेसेजवाल्याला सांगितलं, पाठ एकदा वाच. त्याचं उत्तर आलं, ‘बाई, वाचायला टाइम नाही. उत्तर पाठ करायचंय.’ यावर मंडळाला तरी काय म्हणणार? पूर्वी पेपर सुरू होण्याआधी दहा मिनिटं नुसती प्रश्नपत्रिका वाचायला मिळायची. २०२३ पासून ती दहा मिनिटं पुढून काढली आणि शेवटी लिहायला जोडून दिली. वाचायच्या वेळेत आपण लिहायचं, असा अधिकृत निकाल लागलेला आहे. मुलगा मंडळाच्याच धोरणानं चाललाय.

कवितेचं त्याहून सोपं. रसग्रहणाचे तीन कप्पे ठरलेले: आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये. तिन्हीत काय ठेवायचं तेही ठरलेलं. भाषा साधी, सोपी, ओघवती. शब्दयोजना समर्पक. शेवटी कविता मनाला भिडते. ही ओघवती भाषा नारायण सुर्व्यांची, तीच मोरोपंतांची, तीच तुकोबांची. मोरोपंतांची भाषा साधी आणि सोपी असते हे मी वही तपासताना कित्येकदा वाचलंय, आणि दर वेळी ती कविता पुन्हा उघडून बघितलीय की आपलंच काही चुकलं का. एका मुलानं कवितेचं नाव लिहायची जागा मोकळी ठेवून रसग्रहण आधीच लिहून ठेवलं होतं. पेपरात जी येईल तिचं नाव भरायचं. हे मी त्याच्या वर्गशिक्षकांना सांगितलं नाही. अशी दूरदृष्टी आपल्या नगररचना खात्यातसुद्धा दिसत नाही.

मग स्मार्टफोन आले आणि मुलांनी मला मधून काढून टाकायचा प्रयत्न केला. त्यात त्यांचे हाल झाले. दहावीच्या पुस्तकात ना. सी. फडक्यांचा ‘काळे केस’ हा लघुनिबंध आहे. फोनवर ‘काळे केस’ लिहिलं की येतात ती तेलं, मेंदी, कांद्याचा रस आणि एक सात दिवसांची हमी. ‘सोनाली’ नावाचा पाठ घरात वाढवलेल्या सिंहिणीवर आहे. मुलानं नाव टाकलं, आणि पाठ शोधताना तासभर नट्यांचे फोटो बघत बसला. आईला म्हणाला, मराठी करतोय. खोटं नव्हतं ते. ‘वाट पाहताना’ लिहिलं की सिनेमातली गाणी सुरू होतात. एकुणात आपल्या लेखकांनी शीर्षकं देताना पुढच्या पिढीचा विचार केला नाही, असंच म्हणावं लागतं.

वास्तविक उत्तर शोधायची सोय पुस्तकातच केलेली आहे आणि तिचा मान आपल्याच जिल्ह्याचा. पाठाजवळ तो काळापांढरा चौकोन असतो ना, क्यूआर कोड, राज्यात पाठ्यपुस्तकात त्याचा वापर पहिल्यांदा करून दाखवला तो माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, दहा लाख डॉलरचा, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटून टाकली. चौकोनावर फोन धरला की कविता ऐकू येते, पाठाबद्दल चार गोष्टी बघायला मिळतात. एका मुलाला मी हे कौतुकानं सांगितलं. त्यानं फोन धरला, मन लावून थोडं ऐकलं, आणि विचारलं, ‘बाई, ह्यात उत्तर कुठाय?’ उत्तर नाही म्हटल्यावर त्यानं तो चौकोन जो सोडला तो सोडला. गुरुजींनी जग जिंकलं, पण प्रश्नोत्तरांपुढं त्यांचाही इलाज चालला नाही.

हल्ली तर यंत्रच लिहून देतं. त्या यंत्राचा स्वभाव फार गोड आहे. ते कधी चिडत नाही, ‘पाठ वाचलास का’ म्हणत नाही, रात्री साडेदहाला घड्याळ दाखवत नाही. मला त्याचा हेवा वाटतो. ओळखीच्या शिक्षिकेकडं तपासायला आलेली एक वही मी पाहिली. निबंध असा सुरू झाला होता: ‘नक्कीच! खाली तुमच्यासाठी ‘माझी आई’ या विषयावर सुंदर निबंध दिला आहे.’ मधला निबंध सुंदरच होता. त्यातली आई पहाटे उठून तुळशीला पाणी घालत होती; मुलाची खरी आई त्या वेळी टॉवेलच्या कारखान्यात पहिल्या पाळीला जाते. शेवटी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: ‘तुम्हाला हा निबंध आणखी मोठा करून हवा आहे का?’ शिक्षिकेनं लाल शाईनं खाली लिहिलं, ‘नको.’

आता मुख्य दुखणं. २०१८ पासून दहावीला प्रश्नपत्रिका नाही, कृतिपत्रिका असते. चौकटी भरा, ओघतक्ता करा, जोड्या लावा, आणि मग स्वमत. पाठांतर कमी व्हावं, मुलांनी स्वतः विचार करावा हा हेतू, आणि हेतू अगदी चांगला. पण सगळ्यात जास्त मागणी मला कशाची येत असेल? स्वमताची. ‘बाई, स्वमत पाठवा.’ ‘बाई, स्वमत थोडं छोटं करून पाठवा.’ ‘बाई, तुम्ही पाठवलेलं स्वमत आमच्या वर्गात तिघींकडं हाय, मला वेगळं पाठवा.’

शहराच्या पूर्व भागातला एक मुलगा होता. घरी तेलुगू, गल्लीत हिंदी, शेजारी कन्नड, शाळा इंग्रजी, आणि मराठी फक्त पेपरपुरतं असं त्याला वाटायचं; बोलायचा मात्र फर्डं सोलापुरी. रा. ग. जाधवांच्या ‘शाल’ या पाठावर शाल आणि शालीनता यांबद्दल त्याला स्वतःचं मत लिहायचं होतं. मी म्हटलं, मत पाठवणार नाही, फोन कर. त्यानं केला.

‘तुला काय वाटतं ते सांग.’

‘मला काय वाटायचंय बाई?’

‘तुमच्या भागात सत्कार होतात की नाही? शाली देतात की नाही?’

इथं तो सुटला. म्हणाला, ‘देतात की. आमच्या गल्लीतल्या एका पुढाऱ्याला एवढ्या शाली येतेत बाई, की त्याच शाली तो पुढच्या कार्यक्रमात दुसऱ्याला घालतोय. एक शाल फिरत फिरत त्याच्याकडंच परत आली, डागावरनं ओळखली. आमचे वडील म्हणतेत शालीपेक्षा टॉवेल-टोपी द्या, निदान अंग तरी पुसता येतंय. ते टॉवेलच्या कारखान्यात आहेत म्हणून म्हणतेत असं नाही. आणि बाई, सोलापुरात एप्रिलमध्ये बेचाळीस डिग्रीत माणसाच्या अंगावर शाल घालणं म्हणजे सत्कार नाही, शिक्षा हाय. आमच्या सरांचा सत्कार झाला तेव्हा ते घामानं भिजले तरी काढंनात, कारण फोटो व्हायचे होते. त्यांना शालीन म्हणायचं का नाही, सांगा तुम्ही.’

मी खूश. ज्या गावच्या चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, त्या गावच्या मुलाला कापडाबद्दल मत असणारच. म्हटलं, ‘वा रे! अगदी हेच लिही.’

पलीकडं शांतता.

‘हे कसं लिहू बाई? हे तर माझं मत आहे.’

‘मग? स्वमतच विचारलंय ना?’

‘तसलं नाही ओ बाई. पेपरातलं स्वमत.’

त्याला वेड्यात काढण्यात अर्थ नव्हता, कारण त्याचं बरोबर होतं. मी स्वतः परीक्षक म्हणून गठ्ठे तपासलेत. पुढ्यात नमुना उत्तर, त्यात मुद्दे, मुद्दे सापडले की गुण, आणि शेजारी न संपणारा गठ्ठा. अशा वेळी परीक्षकाचा डोळा शब्द शोधतो: ‘विनम्रता’, ‘संस्कार’, ‘आदर’. फिरून परत आलेली डागाची शाल नमुना उत्तरात नसते. तिला किती गुण द्यायचे याचा विचार करायला दोन मिनिटं लागतात, आणि दोन मिनिटं कुणाकडं असतात? म्हणून गठ्ठ्यातली सगळी मुलं ‘माझ्या मते’ असं लिहितात आणि पुढं एकच मत मांडतात. झाडं लावावीत. आईवडिलांचा आदर करावा. मोबाइलचे दुष्परिणाम गंभीर आहेत (हे मत रात्री अकरा वाजता मोबाइलवरून मागवलेलं असतं). इतकं एकमत आपल्या महापालिकेच्या सभेत कुठल्याही विषयावर कधी झालेलं नाही. मुलांना मत नसतं ही तक्रार खोटी आहे. त्यांच्याकडं मतांचा साठा आहे. ती मतं आपण पस्तीस गुणांच्या बाजारात चलनात घेतलेली नाहीत.

आणि याच परीक्षेचा एक निकाल इतिहासात नोंदवून ठेवण्यासारखा आहे. २०२१ साली कोरोनामुळं दहावीची परीक्षाच झाली नाही. निकाल लागला ९९.९५ टक्के. आपण मुलांना काही विचारलं नाही तर ती किती हुशार असतात हे त्या वर्षी महाराष्ट्राला कळलं.

आता मेसेजचा दुसरा अर्धा भाग, ‘आणि’च्या पुढचा. पहिला भाग गाइडाच्या मराठीत असतो, ‘स्पष्ट करा’, ‘विशद करा’. दुसरा भाग सोलापुरीत उतरतो. ‘बाई, एक विचारू का, रागावणार नाही ना?’ असं आलं की समजावं, आता पाठ संपला. ‘बाई, जेवलाव का?’ असं आलं तर प्रकरण गंभीर आहे. सोलापुरात जेवणाची चौकशी करून मगच मन मोकळं करतात.

काही प्रश्न हलके असतात. गड्ड्याला मित्रांबरोबर जालालोय, घरी काय सांगू. सायन्स घेऊ का कॉमर्स, का तुमच्यासारखं आर्ट्स घेऊन वाट लावून घेऊ. (हे शेवटचं शब्दशः.) पुण्याला जाऊ का? सोलापुरात काही नाही असं सगळे म्हणतेत, पण हुतात्मा एक्स्प्रेस तर रोज रात्री माणसं भरून परत येतीय, मग पुण्यात तरी काय आहे? हा प्रश्न मला फार आवडला. मी उत्तर शोधतेय.

प्रेमाच्या प्रश्नांना कवितेचा आधार असतो. एकानं ‘दोन दिवस’ची मध्यवर्ती कल्पना मागितली. नारायण सुर्व्यांच्या या कवितेत कामगाराचं आयुष्य आहे, भाकरीची काळजी आहे. मी लिहून पाठवलं. त्याचं उत्तर: ‘बाई, म्हणजे ह्यात मुलगी नाही? मग मी तिला हीच का पाठवली?’ त्या मुलीनं काय केलं, ते त्यानं मला नंतर सांगितलं. तिनं ‘रसग्रहण पण पाठव’ असं उत्तर दिलं.

काही हलके नसतात. पेपरच्या दिवशीच पाळी आली तर केंद्रावर कुणाला सांगू? मुख्य पर्यवेक्षक पुरुष आहेत. वडिलांचा माग बंद पडलाय, फी भरली नाही, हॉलतिकीट अडवतील का? एकीनं ‘वाट पाहताना’चं स्वमत मागितलं आणि त्याच ओळीत लिहिलं, की दहावी झाली की माझं लग्न लावून देणार आहेत. तिला मी स्वमत पाठवलं नाही. १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर पाठवला, अठराच्या आत लग्न लावणं गुन्हा आहे हे पाठवलं, आणि तिच्या शाळेतल्या बाईंना फोन केला. त्या आधीच तिच्या घरी जाऊन आल्या होत्या. अशा बाई शाळेत असतात, त्यांच्यावर रसग्रहण कुणी लिहीत नाही.

पण खरी गंमत अशी, की अशा प्रश्नांना आपण मोठी माणसं काय उत्तरं देतो ते जरा बघा. घरात भांडणं होतात? तू अभ्यासाकडं लक्ष दे. मन लागत नाही? पहाटे उठत जा. कुणी आवडतं? आधी पायावर उभा राहा. चित्रकला आवडते? छंद म्हणून ठीक आहे. भीती वाटते? भीती कशाला वाटायची? आमच्या वेळी तर दिवेसुद्धा नव्हते. ही उत्तरं माझ्या आईनं मला दिली, मी माझ्या मुलाला दिली, तो आता त्याच्या मुलीला देतो. भाषा साधी, सोपी, ओघवती, शब्दयोजना समर्पक, मनाला मात्र भिडत नाही. मुलांनी ‘अपेक्षित’ प्रश्नसंच विकत घेतला तर आपण नाकं मुरडतो, आणि आपलं ‘अपेक्षित’ पिढ्यान् पिढ्या चांदण्या काढून पुढं दिलेलं आहे. आमचे ‘हे’ हा लेख वाचून म्हणाले, ‘तू उगाच मनाला लावून घेतेस, प्राणायाम कर.’ चांदणी काढून ठेवलीय.

या गावाला साहित्यिकाकडून खासगी सल्ला घ्यायची परंपरा जुनीच आहे, म्हणा. शाहीर राम जोशी आमचा सोलापूरचा. घर पुराणिकांचं, नाद तमाशाचा. कवनं अशी करायचा की फड गाजायचे, आणि घरचे कपाळाला हात लावायचे. पुढं त्याची आणि मोरोपंतांची गाठ पडली, आणि पंतांनी त्याला ही प्रतिभा कीर्तनाकडं वळव असं सांगितलं, अशी कथा आहे. त्यानं ते ऐकलं आणि पंतांच्या आर्या कीर्तनात घोळवून गावोगाव पोचवल्या. म्हणजे पंतांनी त्याला पहाटे उठायला सांगितलं नाही, तुझी लावणी भिकार आहे असंही म्हटलं नाही. आधी त्याचं कवन ऐकलं असणार, मग बोलले असणार. आज त्याच मोरोपंतांचं ‘भरतवाक्य’ दहावीला आहे, आणि राम जोशीच्या गावातली मुलं त्याचा अर्थ माझ्याकडं रात्री साडेदहाला मागतात. पंतांना वेळ होता. मला मालिका असते.

ज्या मुलाच्या घरी रोज भांडणं होतात, त्याच्याशी मी शेवटी बोलले. फोनवर पाऊण तास. त्यातली पाच मिनिटं भांडणांवर गेली. भांडण मोबाइलवरून होतं, मोबाइल याच्याच हातात होता. उरलेल्या वेळात मी त्याला ‘उपास’ वाचून दाखवला. चाळकऱ्यांचे सल्ले सुरू झाले तसा तो पलीकडं खिदळायला लागला. ‘बाई, हे तर आमच्या वाड्यातलंच हाय! माझे वडील बारीक व्हायला निघाले तेव्हा असंच झालतं. शेजारचे काका येऊन आमची भाकरी मोजायचे.’ मागून वडिलांचा आवाज आला, ‘कुणाशी बोललालास रे एवढा हसत?’ हा म्हणाला, ‘मराठीचा अभ्यास करलालोय.’ मग फोन वडिलांनी घेतला आणि मला विचारलं, ‘बाई, ह्यावर किती मार्काला येतंय?’

दुसऱ्या दिवशी त्यानं वहीत लिहिलं: ‘या प्रसंगातून लेखकाने उत्कृष्ट विनोदनिर्मिती साधली आहे. त्यामुळे वाचकाला हसू येते.’ आणि खाली कंसात, पेन्सिलनं: ‘खरंच येते.’ कंसाला गुण मिळाले नाहीत.

तर दहावीच्या मुलांनो, आणि हा नंबर पुढं पाठवणाऱ्या तुमच्या मित्रांनो. परीक्षेच्या दिवसांत मंडळ समुपदेशक नेमतं, त्यांचे नंबर वर्तमानपत्रात छापून येतात. ते कापून ठेवा. मन फारच बिघडलं तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात. रसग्रहण त्यांच्याकडं मागू नका. माझ्याकडंही रात्री दहानंतर मागू नका. आशयसौंदर्य सकाळपर्यंत कुठं पळून जात नाही. पण ‘आणि’च्या पुढचं काही असेल, तर ते मेसेजच्या शेपटाला लावून पाठवू नका. सरळ फोन करा, आणि ते आधी सांगा. मी जागी असते.